फक्त

चोवीस वर्षांच्या बँकेतल्या नोकरीत माझ्या हातून सर्वांत जास्त वेळा लिहिला गेलेला शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर मला डोकं खाजवायची गरज पडणार नाही. माझं नाव तर नक्कीच नव्हे. (माझी सही वाचून माझं नाव सांगणारा माणूस अजून नांदेड जिल्ह्यात जन्माला यायचा आहे.) तो शब्द म्हणजे 'फक्त'. व्हाउचरं, ड्राफ्ट, पावत्या, पे-ऑर्डरी असं सगळं मिळून दिवसाला चाळीस धरले आणि वर्षाला कामाचे दिवस अडीचशे धरले, तर हा आकडा होतो २,४०,०००/-. अक्षरी दोन लाख चाळीस हजार फक्त. म्हणजे तो हिशेब लिहितानाही एक वाढलाच.

ज्या शब्दावर आपला संसार चालतो तो आला कुठून, याची चौकशी करावी असं मला फार दिवस वाटत होतं. बी. कॉम.ला आम्हांला भाषाशास्त्र नव्हतं, कमर्शियल करस्पॉन्डन्स होतं, आणि त्यात 'आपले पत्र पावले' याच्या पुढे भाषा जात नसे. तेव्हा ही चौकशी मी कारकुनी पद्धतीनंच केली. म्हणजे आधी कायदा बघितला.

कायद्यात 'फक्त' नाही! १८८१चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट आहे, त्याचं अठरावं कलम सांगतं की, चेकवर आकडी रक्कम एक आणि अक्षरी रक्कम दुसरी असेल तर अक्षरी खरी मानावी. पण त्या अक्षरांच्या शेपटाला 'फक्त' जोडलंच पाहिजे, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. ते आपलं आपण, अनुभवानं शहाणं होऊन लावलेलं कुलूप आहे. 'पाच हजार' असं लिहून पुढची जागा मोकळी सोडली, तर कुणी तरी सहृदय माणूस तिथं 'नऊशे नव्याण्णव' लिहून ती भरून काढतो. मोकळी जागा दिसली की माणसाला राहवत नाही. एस. टी.त तेच, चेकवर तेच.

हिंदी पंधरवड्यात आम्ही हेच काम 'मात्र'कडून करून घेतो. 'रुपये पाँच हज़ार मात्र.' हिंदी माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही, पण मराठी कानाला 'मात्र' ऐकलं की पुढे काही तरी अडचण येणार असं वाटतं. पाच हजार दिले, मात्र… मात्र काय? सही जुळत नाही? पतसंस्थेचे चेअरमन भाषणात कर्जदाराची पाच मिनिटं स्तुती करतात आणि मग 'मात्र' म्हणतात, त्यातला तो 'मात्र'. पैशाच्या कागदावर असा शब्द नको.

इंग्रजीत तिथं 'ओन्ली' असतो. त्याची जन्मकथा मोठी सरळ आहे. 'वन' म्हणजे एक आणि 'ली' म्हणजे सारखा. 'एकासारखा', एकटा, तो 'ओन्ली'. स्पेलिंग बघा, 'वन'चं शेवटचा 'ई' सोडून आत बसलेलं दिसेल. मग 'वन्ली' का नाही? तर पूर्वी इंग्रज 'वन'लाही 'ओन'सारखंच काही तरी म्हणत. पुढे पाच-सहाशे वर्षांपूर्वी त्यांच्या पश्चिमेकडच्या खेड्यांतला 'व' त्या शब्दाच्या तोंडाशी येऊन बसला आणि शहरानं तो मान्य केला. 'ओन्ली' आणि 'अलोन' ही भावंडं मात्र जुन्या उच्चारावरच राहिली. म्हणजे साहेबाच्या भाषेतही खेड्यातला उच्चार शहरात येऊन शुद्ध ठरतो. आपल्याकडे त्याला लाल शाई लागते.

लाल शाईवरून आठवलं. मी नांदेडच्या शाखेत नवा होतो तेव्हा पुण्याकडून बदली होऊन एक अधिकारी आले होते. माणूस कामाला चोख, पण शुद्धलेखनाचा त्यांना सोस भारी. पैसे काढायच्या स्लिपवर लोह्याकडच्या एका शेतकऱ्यानं 'दोन हजार रुपये फकत' असं लिहिलं होतं. साहेबांनी 'फकत'भोवती लाल गोल काढला आणि ती स्लिप परत पाठवली. शेतकऱ्याला वाटलं, खात्यात पैसे नाहीत. तो बिचारा काउंटरसमोर उभा राहून घाम पुसत होता.

आमच्या शाखेत एक दफ्तरी होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, शिक्षण उर्दू शाळेत झालेलं. लेजर उचलता उचलता त्यांनी ती स्लिप बघितली आणि शांतपणे म्हणाले, "साब, इनो बराबर लिखे. तुम लोगांच गलत लिखतें." साहेबांनी चष्मा काढला. चाचांनी टेबलावरच्या धुळीत बोटानं तीन अक्षरं उजवीकडून डावीकडे काढली. पहिला फे, मग बडा काफ, मग तोय. लिहिताना तिघं एकमेकांना जोडलेले, पण उच्चारात जोडाक्षर नाही, मधल्या 'क'चा 'अ' पूर्ण. फ-क-त. "तो फिर आप 'फखत' क्यूँ बोलते हो?" साहेबांनी त्यांना पकडलंच. चाचा हसले. "लिखते फकत, बोलते फखत. दखनी है साब." घशाच्या तळातून काढायचा तो काफ दख्खनच्या हवेत थोडा खरखरीत होऊन 'ख' होतो, आपण वेळेला 'वखत' म्हणतो त्यातला 'ख'ही त्याच हवेतला दिसतो.

गंमत बघा. अरबीत 'वक्त' आहे, तिथं मधे स्वर नाही. आपण खेड्यात तो घालून 'वखत' केला. अरबीत 'फकत' आहे, तिथं स्वर आहे. आपण शहरात तो काढून 'फक्त' केला. जिथं नाही तिथं द्यायचं आणि जिथं आहे तिथून काढून घ्यायचं, ही कर्जवाटपाची पद्धत मराठीला आमच्याआधीच ठाऊक होती म्हणायची. आणि तमाशात-सिनेमात ऐकू येणारा तो 'फकस्त'? त्यातला 'स' कुठून आला हे मला विचारू नका. 'मस्त' आणि 'फस्त' यांच्या शेजारी फार दिवस राहिला असेल.

आता शब्दाचा अर्थ. अरबीत 'फकत' हे दोन तुकडे आहेत. 'फ' म्हणजे 'मग', 'तर'. 'कत' म्हणजे 'पुरे'. मग पुरे! म्हणजे मी दोन लाख चाळीस हजार वेळा गिऱ्हाइकाला लेखी सांगितलं आहे, 'पाच हजार रुपये, आता बस झालं.' आणि कुणी तक्रार केली नाही. याहून मजेदार म्हणजे, अरबी कोशात हा 'कत' ज्या मुळाखाली येतो त्याच मुळाखाली बोरूचं टोक तिरकं कापणं येतं. माझे आजोबा चाकूनं बोरूला कत मारत, ती हीच कत. एकाच मुळातून लेखणी सुरू होते आणि त्याच मुळातून लिहिणं थांबतं. अशी काटकसर आमच्या हेड ऑफिसलाही साधलेली नाही.

हे सगळं बाहेरचं, पण शब्दाचा वेष बघा! भक्त, रक्त, मुक्त, विरक्त यांच्या रांगेत हा 'फक्त' असा गंध लावून बसला आहे की, पूजेला आलेल्या गुरुजींनाही संशय येऊ नये. १६७४च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे राज्यव्यवहारकोशाचं काम सोपवलं. दरबारातल्या, किल्ल्यांवरच्या, दफ्तरातल्या हजारावर फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. पेशव्याला पंतप्रधान केलं, डबीराला सुमंत केलं. पण असे कोश पकडतात ते हुद्दे आणि वस्तू. पगडी घातलेला माणूस नाक्यावर अडवता येतो, त्याच्या पायाला लागलेली धूळ कोण अडवणार? क्रियाविशेषणं ही अशी धूळ. 'जरा' म्हणजे अरबीतला कण, तो आला. 'दररोज' फारसीतून आला. 'बिलकुल' आला. विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली, तिचे एक मोठे पुरस्कर्ते माधव ज्यूलियन. त्यांनीच १९२५ साली फारसी-मराठी कोश करून आपल्या घरात कोण कोण बाहेरचं राहतं याची यादी आधी तयार केली होती, आणि १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. इतक्या बारकाईनं झडती होऊनही 'फक्त' घरातच राहिला. 'केवळ' हा पर्याय होता, आहे. पण चेकवर 'पाच हजार केवळ' लिहून बघा. कविता झाल्यासारखी वाटते.

आणि 'हल्ली'! आमच्या मराठवाड्यात तर या शब्दाला एके काळी किंमत होती, खरी, खणखणीत. निजामाच्या राज्याचा रुपया वेगळा होता, त्याला म्हणत हाली सिक्का. 'हाल' म्हणजे चालू वेळ; 'हाली' म्हणजे चालू, सध्याचा. इंग्रजांचा यंत्रावर पाडलेला तो कलदार. साधारण सात हाली दिले की सहा कलदार मिळत. १९४१च्या कायद्यानं स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक हा हाली सांभाळायची. पुढे तिचीच स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि २०१७च्या एक एप्रिलला ती स्टेट बँकेत विलीन झाली. हाली सिक्का १९५९पर्यंतच व्यवहारात राहिला. 'चालू' नावाचं नाणं बंद पडलं आणि 'हल्ली' हा शब्द चालू राहिला. हल्ली नाण्यांचं काही खरं नाही, हे वाक्य आमच्याकडे दोन्ही बाजूंनी खरं आहे.

त्या हालीच्या काळात सरकारी कागद उर्दूत असत. १८८०च्या दशकात निजामाच्या कचेऱ्यांत फारसीची जागा उर्दूनं घेतली, ती सप्टेंबर १९४८मध्ये निजामाचं राज्य संपेपर्यंत. शेतात मराठी, चुलीपाशी मराठी, आणि जमिनीच्या कागदांची, कर्जाची, खटल्याची भाषा उर्दू. माझ्या आजोबांची पिढी त्यात वाढली. उर्दू पत्राच्या किंवा अर्जाच्या शेवटी तेव्हा 'फकत' लिहीत. तिथं त्याचा अर्थ 'एवढंच' असा नव्हता; 'इथं मजकूर संपला, याच्याखाली कुणी काही लिहिलं तर ते माझं नव्हे' असा होता. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी मोर्तबाचा छोटा शिक्का असतो, 'मर्यादेयं विराजते'. इथं हद्द झाली. काम तेच. हुंडीवाल्यांनी तर त्याहून पक्की युक्ती काढली होती. हुंडीत नुसते पाचशे लिहीत नसत. निम्मे अडीचशे, त्याचे दुप्पट पुरे पाचशे, असं लिहीत. कुणाला पाचशेचे सहाशे करायचे तर अडीचशेचेही तीनशे करावे लागणार. आणि शब्द बघा, 'पुरे'. अरबीतला 'कत' मारवाड्याच्या पेढीवर दुसऱ्या नावानं बसलेला.

ही सगळी कुलपं विनाकारण निघालेली नाहीत. आमच्या घरातली गोष्ट सांगतो. आजोबांनी एका पेरणीच्या तोंडावर गावच्या सावकाराकडून तीनशे हाली घेतले आणि उर्दूत चिठ्ठी लिहून दिली. अक्षर सुरेख. उजवीकडून डावीकडे 'रुपये तीन सौ' लिहिलं आणि डावीकडे दोन बोटं जागा मोकळी राहिली. निम्मे-दुप्पट नाही, 'फकत' नाही. ओळखीच्या माणसाला कशाला, असं त्यांना वाटलं असणार. सुगी झाल्यावर चिठ्ठी निघाली ती 'तीन सौ पचहत्तर'ची. शाई तीच, बोरूही तसाच, फक्त पचहत्तरचं अक्षर आजोबांच्या अक्षरापेक्षा थोडं उभं. ते उभेपण आजोबांना दिसत होतं, पंचांना दिसत नव्हतं. जोडीतला एक बैल गेला. पुढच्या वर्षीची पेरणी दुसऱ्याच्या बैलाशी सावड करून झाली. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा सावकाराला फार शिव्या द्यायची नाही. म्हणायची, "तीन अक्षरं लिहायला काय झालं होतं तुमच्या आजोबाला?" मी व्हाउचरवर 'फक्त' लिहून त्याच्यापुढे कागदाच्या कडेपर्यंत रेघ ओढतो, तेव्हा नवे सहकारी हसतात. हसू देत.

पुढे माझी बदली लातूरला झाली. तिथं एक गिऱ्हाईक आखातातल्या नोकरीवरून सुट्टीवर आले होते. त्यांच्याजवळ तिकडच्या दुकानाचं एक अरबी बिल होतं, ते त्यांनी मला कौतुकानं वाचून दाखवलं. तिकडे रक्कम लिहिताना 'फकत' पुढे लावतात, मागे नव्हे. मग आकडा अक्षरांत, आणि शेवटी 'ला गैर'. म्हणजे 'याहून दुसरं काही नाही'. पुढे एक पहारेकरी, मागे एक. तो 'गैर' ऐकला आणि माझ्या डोक्यात घंटी वाजली. आपल्या 'वगैरे'तला हाच की! 'व गैरिही', 'आणि त्याहून दुसरं'. म्हणजे 'ला गैर' दार लावतो आणि 'वगैरे' तेच दार सताड उघडं टाकतो. म्हणूनच आमच्याकडे 'किरकोळ खर्च वगैरे' असं व्हाउचर आलं की ऑडिटर खुर्चीत पुढे सरकून बसतो.

आपण मराठी लोक मुळात फार संशयी. एका कुलपावर आमचं भागत नाही. 'फक्त पाचच' म्हणतो. एक अरबी कुलूप, एक मराठी कडी. हा 'च' मोठा कर्तबगार आहे. मघाशी चाचा काय म्हणाले आठवतं? "तुम लोगांच गलत लिखतें." तो 'च' उर्दूतला नव्हे, आपला आहे. दखनीत 'येइच', 'वैसाइच', 'मैंइच' असं जे सर्रास चालतं, तो 'च' मराठीतून गेला, असं भाषेचे अभ्यासकही मानतात. लखनौचा माणूस ते ऐकून कानांवर हात ठेवतो, नांदेडात वजिराबादच्या चौकात त्याशिवाय भाजीचा भाव ठरत नाही. म्हणजे व्यवहार असा झाला की, त्यांनी आपल्याला 'फकत' दिला आणि आपण त्यांना 'च' दिला. दोन्हींचा अर्थ एकच, 'एवढंच'. दोन बँकांनी क्लिअरिंगला एकाच रकमेचे चेक एकमेकांना द्यावेत, तसं झालं. बाकी शून्य. इतका स्वच्छ ताळमेळ मी चोवीस वर्षांत दुसरा पाहिला नाही. पुण्याच्या त्या साहेबांना मी हे सांगणार होतो, पण त्यांना तीन वर्षांनी हवी होती तिकडे बदली मिळाली आणि ते गेले. जाताना निरोपसमारंभात 'मेरेकू येइच गाव अच्छा लगा' म्हणाले. चाचांनी सर्वांत जास्त टाळ्या वाजवल्या.

आता 'फक्त'चे दिवस भरत आले आहेत, असं दिसतं. चहाच्या टपरीवर ते छोटं यंत्र ओरडतं, 'वीस रुपये प्राप्त झाले'. फक्त नाही, मात्र नाही, केवळ नाही. त्याला मोकळी जागाच नसते, मग कुलूप कशाला? चेक लिहायला येणारे लोक केस पिकलेले असतात आणि पेन मागतात. तरी लातूरच्या मार्केट यार्डात अजून पट्ट्या लिहिल्या जातात. तूर, सोयाबीन, हरभरा. वजन, भाव, हमाली, तोलाई, आणि खाली अक्षरी रुपये.

मागच्या हंगामात अशीच एक पट्टी आणि आडत्यानं दिलेला चेक घेऊन एक शेतकरी आमच्या काउंटरवर आले. सहा क्विंटल सोयाबीनचे पैसे. त्यांना अक्षरं लागत होती, पण सावकाश. बोट ठेवून ठेवून त्यांनी अक्षरी रक्कम वाचली आणि शेवटच्या शब्दावर बोट थांबलं.

"साहेब, हे 'फकत' कामून लिवलंय? कमी हाय ते आमाला दिसतंय की. वरून कशाला बोलून दाखवायचं?"

मी त्यांना सगळं समजावलं. टोमणा नाही हो, हे कुलूप आहे. पुढे कुणी काही वाढवू नये म्हणून. रक्कम सुरक्षित राहते. त्यांनी चेक पुन्हा एकदा डोळ्यांजवळ धरून बघितला.

"वाढवू नये म्हणून?" ते म्हणाले. "मग तर खोडाच ते."